दसऱ्याचं तळं

१२ डिसेंबर
आज कचेरीतल्या सुनावणीत मीच माती खाल्ली. गावच्या तळ्याची नोंद पुसून तिथं प्लॉट पाडायचेत. मी तळं दाखवायला गेले आणि नेली उपग्रहाची एप्रिलमधली चित्रं! ढग नाहीत, स्वच्छ आहेत, म्हणून निवडली. तळ्याच्या जागी हिरवंगार. प्लॉटवाल्यांच्या वकिलांनी मला हात जोडले. "मॅडमनीच दाखवलं की साहेब, हितं कायम शेतच हाय." वीस वर्षं भूगोल शिकवते मी! पुढची तारीख २९. तोवर तळ्यात मुरमाच्या ट्रॉल्या पडतच राहणार.

१३ डिसेंबर
गावाकडून, गारगोटीहून, आण्णाचा फोन. चुलतभाऊ, बारा वर्षांनी मोठा, दावा त्याच्याच नावावर.
"आगं सुनंदा, शिकून वाया गेलीस बघ. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळात आपण काकड्या-कलिंगडं लावतोय न्हवं? तूच चोरून खाल्लीयास की!"
खाल्लीत. पोटभर.
"मग कधीचं बघू?"
"पालखी कवा फिरती तळ्याभवती? दसऱ्याला. तवा काठोकाठ असतंय."
पाऊस सरलेला, आभाळ उघडलेलं, गाळात अजून काही पेरलेलं नाही. दसरा ते दिवाळी! एवढं साधं मला सुचू नये?

१९ डिसेंबर
कॉलेज सुटलं की रोज हेच. मी पाचवीत होते त्या सालापासूनची चित्रं मिळाली. एक उपग्रह थकला की पुढच्यानं पाळी धरायची, आमच्या देवळातल्या गुरवांसारखी. सोळा दिवस झाले की परत आमच्या गावावरून. आमच्या तळ्याकडे बघा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी बघत होते. काही सालं ढगांनी खाल्ली. बाकी प्रत्येक दसऱ्याला तो काळा ठिपका, आंब्याच्या कोयीएवढाच, त्याच जागी.
ह्यांना ओरडून बोलावलं. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "डाग पडलाय का गं स्क्रीनवर?"
डाग म्हणे! मी हसता हसता रडले.

२९ डिसेंबर
जिंकलो!! म्हणजे जवळजवळ.
टेबलावर दोन ओळी मांडल्या. वर एप्रिल, खाली दसरा, सालवार. साहेब उभे राहून बघत होते. गेल्या दसऱ्याच्या ठिपक्यावर बोट ठेवून वकिलांना म्हणाले, "हे शेत आहे?"
वकील म्हणाले, "ह्या दसऱ्यापातूर तळं आसंल साहेब. आता पाणी आणणाऱ्या वढ्याचं तोंड बुजलंय. तळं परत भरतंय कुठलं?"
बुजवलं कुणी? तोंड वर करून सांगतात!
भराव बंद. टाकलेला मुरूम पावसाआधी उचलायचा, त्यांनीच. नोंद ठेवायची की काढायची, ते मात्र येत्या दसऱ्याचं चित्र बघून.
आण्णानं कचेरीच्या दारात पेढे वाटले. वकिलांपुढंही पुडा धरला, "खावा पावणं, गोड हाय."
त्यांनी दोन घेतले.

२ ऑक्टोबर
दसरा. पालखी फिरली. गावानं ओढ्याचं तोंड खोऱ्या-पाटीनं मोकळं केलंय. तळं भरलंय, पण काठाला हातभर कमी. तेवढं वरून दिसेल? दिसायला पाहिजे. उपग्रह रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास.
आण्णा फोनवर, "पालखी दिसंल काय त्येला?"
"नाही रे, एवढं बारीक नाही दिसत."
"नसंना का. तळ्यानं एकट्यानंच उभं ऱ्हायाचं व्हय? रविवारी पालखी परत काढू का, देवीला कौल लावतो."
देवीनं उजवा दिला, म्हणजे होकार.

५ ऑक्टोबर, रविवार
पालखी पुन्हा निघाली. दसरा होऊन गेल्यावर, सकाळच्या उन्हात, उपग्रहासाठी! असं कधी झालं नव्हतं. हलगी, गुलाल, म्हाताऱ्यासुद्धा नव्या लुगड्यांत. साडेदहाला सगळं गाव काठावर, माना वर. मीही. कितीतरी वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.
तेवढ्यात पश्चिमेकडून एकुलता एक ढग आला. आण्णा त्याच्यावर खेकसला, "ए, थांब की जरा!"
तो तळ्यावर पोचला तेव्हा उपग्रह येऊन गेला होता की यायचा होता, मला सांगता येईना. आण्णानं तीनदा विचारलं.
चित्र यायला एक-दोन दिवस. पाणी मात्र आहे. गुडघाभर उतरून आले, साडीचा काठ अजून ओला आहे.