दिवाळीत घासलेला फ्रेंच आरसा

नारायण पेठ, पुणे ३०
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुरुची,

तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद. इकडे ठीक. तुझ्या दादाचा गुडघा आणि स्वभाव दोन्ही जिथल्या तिथे आहेत. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर मी एकदा बोलून बसले आहे.

तुझ्या विश्रांतवाडीच्या घराचं रंगकाम संपलं हे बरं झालं. तोवर सांभाळायला दिलेला तुझा फ्रेंच आरसा सुखरूप आहे. म्हणजे, काच सुखरूप आहे. चौकटीचा एक कोपरा तेवढा लाल झालाय.

दादामियाँ फ्रेमवाले बघून गेले. "बाई, हा चांदीचा नुसता वर्ख. बर्फीवर असतो तसा. खाली लाल माती. काळेपणा म्हणजे त्याचं वय होतं, तुम्ही शंभर वर्षं धुऊन काढलीत!" नवा वर्ख चढवून देतो म्हणाले, पण तो चकाकणार. काळा कधी होईल, विचारलं. "नातवंडांना विचारा."

तुझा दादा मागून म्हणाला, "दोन महायुद्धांतून वाचला, आमच्या दिवाळीत गेला."

तर, "कामाच्या सरुबाईनं घासला" असं मी तुला फोनवर सांगितलं. सरुबाई शेजारी उभी राहून सांगत होती, "वहिनी, ऱ्हाऊ द्या, जुनं हाय ते." मी म्हटलं, "चांदी मला शिकवू नकोस." आणि देवाची निरांजनं घासून उरलेलं दंतमंजन घेऊन बसले. लक्ष्मीपूजनाला घरात काळी चांदी दिसता कामा नये, हे तुझ्या आईंनीच मला शिकवलं. तू शिकली नाहीस, म्हणून तुझ्याकडे आरसे टिकतात.

त्या फोननंतर तू तिला तुझ्याकडचं ठरलेलं काम आता नाही म्हणून कळवलंस. तिकडे विश्रांतवाडीत लेकीजवळ राहता येईल म्हणून ती केवढी खूश होती! "वहिनी, माझं काय चुकलं?" तिनं मला विचारलं. मी तिला चहा दिला. जास्त साखरेचा.

काल मात्र सगळं सांगून टाकलं. ती कप विसळत म्हणाली, "मला वाटलंच हुतं. पण सुरुचीताईंना कोण सांगणार?"

म्हणून हे पत्र. आरशाबद्दल मला हवं ते बोल, वर्षभर बोल, मी ऐकून घेईन (लिहून ठेव, पुन्हा म्हणणार नाही). पण त्याआधी सरुबाईला फोन कर आणि तिला कामावर बोलाव.

तुझी,
आरसा घासणारी
हेमावहिनी