बगळा आणि दोन काठ्या

प्रिय आई,

हे पत्र शेजारची श्रेया वाचून दाखवील. तिला म्हणावं, मधलं काही खाऊ नको. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं तोंडच उघडणार नाय, म्हणून लिहायला बसलोय. इथं राजस्थानात कोट्याच्या ढाब्यावर चहात बडीशेप घालतात, लई भारी लागतो. बरं, ते राहू दे.

आठवतं का, मेंढरं घेऊन कन्नडकडं चाललो होतो आणि मोराचं चित्र असलेल्या ट्रकमागं पळता पळता मी चुकलो होतो? तुला वाचता येत नव्हतं, पण हायवेच्या दगडावरचा 211 तू ओळखायचीस. पुढं बगळा, मागं दोन काठ्या. "चुकलास तर हा दगड धरून उभा राह्य, हलू नको, मी येते." मी धरला. ऊन कलायच्या आत तू आलीस. मारलं नाहीस, आधी पाणी पाजलंस. त्या पाण्याबद्दल तुला कधी काही बोललोच नाय.

उलट चार वर्षांमागं भर दुपारी सगळा कळप तुझ्या एकटीवर टाकून ट्रकात चढलो. गेल्या साली धुळ्यापर्यंत आलो होतो. 211 शोधला, तर सगळीकडं 52. रस्ता दुसराच दिसतोय म्हणून परत फिरलो. खरं सांगू? आकड्याचं निमित्त केलं. तुझ्यापुढं यायची हिंमत नव्हती.

आता ज्यांच्या ट्रकवर मी क्लीनर आहे ते काकासाहेब परवा हसले. म्हणाले, येड्या, तुझा दोनशे अकराच बावन्नमध्ये गेलाय. पंजाबातून निघतो, या ढाब्यासमोरून, आपल्या वेरूळवरून थेट खाली कर्नाटकात समुद्रापर्यंत. म्हणजे आई, इतक्या लांब येऊन मी तुझ्याच रस्त्यावर जेवत होतो.

मग धीर करून श्रेयाला फोन लावला. ती म्हणाली, आपल्या गावापाशी जुन्या रस्त्यावरचा दगड रंगवायला माणूस आला, तर तू काठी आडवी धरलीस. म्हणालीस, आकडा पुसू नको, माझं पोरगं तेवढाच वाचत येईल. बिचाऱ्यानं बाकीचा दगड रंगवला आणि बगळा-काठ्या तशाच ठेवल्या. त्या माणसाचंही भलं होवो.

आता बाकीच्या दगडांवर कुणाला काय लिहायचं ते लिहू दे. दगड मला सापडलाय. सोमवारी दुपारी काकासाहेब तिथं उतरवणारेत. घराची वाट माहीत आहे, तरी एकटा येणार नाय. दगड धरून उभा राहीन, हलणार नाय. तू न्यायला ये. येताना पाणी आण.

तुझाच, अजून चुकलेला,
माऊली