टँकची जागा तुझ्या हवाली करण्याबाबत

मु. पो. आचरे, ता. मालवण
मंगळवार, जेवणं झाल्यावर

नात्याने भाची, पण गेममध्ये गुरू अशा समीक्षेस,

बाबलीमामाचे आशीर्वाद, आणि त्याच पाकिटातून नमस्कारही. (साष्टांगच घालणार होतो, पण गुडघे बदलल्यापासून मी एकदा खाली गेलो की वर काढायला दोन माणसं लागतात, आणि घरात तुझी मामी एकटीच.) तुझी प्रकृती उत्तम असेल. तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या सुगंधाचा, उजवा गुडघा आता कसा आहे ते कळव. आमच्या आजोबांनी वारसांना इस्टेट वाटली नाही, गुडघे तेवढे वाटले. इकडे मामी बरी आहे, माझ्यावर ओरडते त्या अर्थी अगदी बरी आहे. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिता आलं असतं, पण तिथे मी चार पानं लिहिली तरी तू उलट एक पिवळा अंगठा पाठवतेस. अंगठ्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून समजलेलं नाही, म्हणून कागद घेतला.

परवा तू फोनवर म्हणालीस की पुण्याचं काम आता घरूनच करायला मिळणार, चतुर्थीला येतेस ती राहायलाच, आणि मामा, टीममधली माझी टँकची जागा मला परत हवी. बरोबर आहे. रविवारची ड्युटी लागली म्हणून तू ती जागा मला तात्पुरती दिली होतीस, 'तात्पुरती' हा शब्दही तू दोनदा उच्चारला होतास. तेव्हा जागा सोडण्याआधी मी ती कशी सांभाळली याचा पूर्ण वृत्तांत देणं माझं कर्तव्य आहे. यात माझी फजिती बरीच आहे. तुझे उपकार त्याहून जास्त आहेत, ते शेवटी लिहीन. (मध्येच लिहून मोकळा झालो तर तू पुढचं वाचणार नाहीस.)

तीस वर्षं मी दशावतारात राक्षस केले हे तुला सांगायला नको, लहानपणी तू मला तोंड रंगवलेलं बघून मामीच्या पदरात शिरायचीस. मग गुडघे गेले. कंपनीनं दुसरा राक्षस घेतला, आणि घ्यायलाच हवा होता, राक्षस काय खुर्चीत बसून नाचणार? पण त्यानंतर दोन वर्षं मी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरण्यापलीकडे काहीच केलं नाही. अशा माणसापुढे तू तुझा जुना कॉम्प्युटर आणून ठेवलास आणि म्हणालीस, मामा, पाच जण इकडचे, पाच तिकडचे, मधला चौक ताब्यात ठेवायचा. तुम्ही टँक, म्हणजे ढाल घेऊन सगळ्यांत पुढे राहणारा धिप्पाड गडी. मला वाटलं, हात्तिच्या, हेच तर मी जन्मभर केलं.

तिथेच घात झाला. दशावतारात रीत अशी, की दोन वीर समोरासमोर आले की आधी बोलणी. एक बोलत असताना दुसरा कमरेवर हात ठेवून ऐकतो, मग तो बोलतो, आणि दोघांचं मन भरल्यावर युद्ध. बोलणाऱ्यावर वार करणं म्हणजे पान वाढून व्हायच्या आधी जेवायला लागण्यासारखं. पहिल्या रविवारी मी आपला लोखंडी रेडा (त्या पात्राचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, शिंगं आहेत, म्हणून रेडा) थेट चौकाच्या मधोमध नेला, त्यांच्या टँकसमोर उभा केला, माइक चालू केला आणि प्रवेशाचं भाषण सुरू केलं. आवाज असा लागला होता गो! 'या त्रिभुवनात माझ्यासमोर उभं राहण्याची छाती कोणाची' इथवर आलो आणि पाच जणांनी पाच बाजूंनी मला भाजून काढलं. मी ओरडलो की अरे हे अधर्मयुद्ध आहे! तेव्हा ओमकार (आरोंद्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, रविवारी आपला नेमबाज, हे तुला माहीत आहे, मामी वाचतेय म्हणून लिहितो) अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, त्यांका तुमचा कायएक आयकूक येना नाय. आमकांच येता."

दुसऱ्या रविवारी तोंड बंद ठेवलं आणि पाय सोडले. त्यांची एक नेमबाज बाई अर्धमेली होऊन पळत होती, मी तिच्या मागे लागलो. गोदामातून, पुलावरून, कुठल्याशा देवळाला वळसा घालून तिला गाठली आणि लोळवली. गुडघे गेलेल्या माणसाला अचानक धावायला मिळालं की त्याचं काय होतं ते तुला पंचविशीत कळायचं नाही. मी आनंदानं घामाघूम झालो होतो. परत चौकात येतो तर आपले चारही जण आडवे. औषध देणारी आपली दिव्या (ही खरोखरच दोडामार्गात औषधांच्या दुकानात बसते) कधी आवाज चढवत नाही, तशीच खालच्या आवाजात म्हणाली, "मामा, तुमी एक मारलात. आमी चार मेलंव." सर्वेश आणि अजय हे दोघे भाऊ तर एकमेकांशीच बोलतात, ते त्या दिवशी एकमेकांशीही बोलले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी उलट टोक गाठलं. ढाल वर केली आणि खांबासारखा उभा राहिलो, म्हटलं आता कोण काय करतो बघू. सगळ्यांनी मिळून ढालीवर एवढा मारा केला की ती फुटली. ढालीलाही आयुष्य असतं, ती जपून वापरायची, भिंतीचा कोपरा मिळाला तर ढाल मिटून कोपऱ्याच्या आड राहायचं आणि ती पुन्हा भरू द्यायची, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. (तू सांगितलं होतंस. तीनदा. मी तेव्हा चहा कुठे राहिला ते विचारत होतो.) ढालीशिवाय मी मेलो आणि मग आम्ही एकेक करून मेलो. शिवाय मी जिवंत झालो की बाकीच्यांची वाट न बघता एकटाच परत धावायचो आणि परत मरायचो. आवशीचो घो, एका दुपारी सत्तावीस वेळा मेलो! (शब्दाबद्दल माफी, पण आकडाच तसा आहे.)

त्या दिवशी खेळ संपल्यावर ओमकार दिव्याला म्हणाला की कणकवलीच्या स्पर्धेपर्यंत बघू, नाही जमलं तर कुडाळचा एक टँक यायला तयार आहे. तो मला नव्हता सांगत, पण माझ्या कानावर हेडफोन होता. दुसरा राक्षस घेणार, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि ताटावरून उठलो. मामीनं विचारलं तर आमटी अळणी आहे म्हणून सांगितलं. आमटीत मीठ बरोबर होतं.

आणि मग तुझा फोन आला. मला वाटलं आता ही पुण्याची बया मला शहाणपण शिकवणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत होतो. तू फक्त विचारलंस, "मामा, सत्यवानकाकांचो राजा लोकांका एवढो शूर कित्या वाटायचो?" आता आमच्या कंपनीत राजा व्हायचा तो सत्यवान म्हणजे अंगानं काडी, मुकुटाचं ओझंसुद्धा त्याला झेपत नसे. मी फणकाऱ्यानं म्हटलं, माझ्यामुळे! त्याचा वार येण्याआधी अर्धं पाऊल मी मागे जायचो, म्हणून वार जबरदस्त दिसायचा. लोकांची नजर मी माझ्यावर ओढून ठेवायचो, तेवढ्यात तो दम खायचा. आणि मागे मृदंग कुठे आहे, केव्हा चढणार, केव्हा थांबणार, हे मान न वळवता माझ्या पायांना कळायचं, कारण मृदंग सोडून पुढे गेलेला राक्षस नुसता उड्या मारणारा वेडा दिसतो. एवढं बोलता बोलता माझी नजर बंद कॉम्प्युटरकडे गेली. तू म्हणालीस, "झाला तर मग," आणि फोन ठेवलास. समीक्षा, तीस वर्षांत माझं काम मला कोणी इतक्या थोडक्यात समजावून दिलं नव्हतं.

त्यानंतर मी रेडा निराळ्या तऱ्हेनं हाकला. मारायचं-बिरायचं सोडून दिलं. पुढे जायचं ते जागा मिळवायला, आणि मागच्यांना ती जागा वापरता येईल तेवढंच पुढे. दिव्या कुठे आहे ते कानानं ठेवायचं. तिला मी दिसेनासा झालो की मी जास्त शहाणा झालो असं समजायचं. लिहायला सोपं आहे. करताना पहिले चार दिवस बोटं जुन्याच सवयीनं पुढे धावायची.

कणकवलीला एका हॉलमध्ये स्पर्धा होती. दारातल्या पोरीनं मला सांगितलं की पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसावं. मी काही बोलायच्या आत तुझी मामी (घावणे-चटणीचा डबा घेऊन आली होती, ऐकते कुठे) सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे पालक न्हयत, हे टँक आसत." समोर देवगडचे पाच जण होते, त्यांच्या टँकला अजून धड मिशी फुटली नव्हती, आणि हात असा चालायचा की मला घाम फुटला. एक डाव त्यांचा, एक आपला. तिसऱ्यात मी चौकातल्या पडक्या भिंतीचा कोपरा धरला. ढालीला तडे जायला लागले तशी मागून दिव्या म्हणाली, "मामा, मागां." महिन्यापूर्वी मी म्हटलं असतं, राक्षसाक मागां बोलावणारी तू कोण गो? या वेळी अर्धं पाऊल मागे आलो, मग आणखी अर्धं. देवगडकरांना वाटलं म्हातारा पळाला! पाचही जण माझ्या मागे कोपऱ्याच्या आत शिरले, आणि पाचांच्याही नजरा माझ्यावर. सर्वेश-अजयनं बाजूनं, ओमकारनं वरून, तिघांना तिथेच लोळवलं. मग माझी ढाल फुटली. मी निसटू शकलो असतो गो, वाट मोकळी होती. पण मी हललो तर मागे दिव्या उघडी पडली असती. म्हणून भिंतीमागच्या बोळाच्या तोंडाशी देह आडवा घातला आणि दोन सेकंद जास्त जगलो. तेवढ्यात ओमकारनं उरलेले दोघे टिपले आणि चौक आपला झाला. माझ्या नावावर मारलेले शून्य. हॉलमध्ये टाळ्या पडल्या त्या ओमकारला, आणि मी मेलेल्या रेड्याकडे बघत खुर्चीत बसून इतका सुखावलो होतो की मला उठवेना. (गुडघ्यांमुळेही असेल.)

पुढचा सामना आम्ही हरलो. त्यात चूक माझीच होती, पण सविस्तर लिहीत नाही, कागद थोडा उरलाय. निघताना ओमकारनं हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "मामा, फुडल्या आयतवारी चार वाजता. येळेर येवा." बस्स. कुडाळच्या टँकचं नावही नाही. दोन वर्षांत मला कोणी 'अमुक वाजता ये' असं म्हटलं नव्हतं. मी नुसतं हां म्हटलं आणि चष्मा पुसत उभा राहिलो.

हे तुझे उपकार. ते मी फेडणार नाही, कारण फेडता येण्यासारखे ते नाहीत. तू मला करमणूक दिली नाहीस, कामावर घेतलंस. देव तुला उदंड आयुष्य देवो आणि तुझे गुडघे तुझ्या बापाच्या घराण्यावर जावोत.

तेव्हा जागा तुझी आहे. तू आलीस की रेडा शिंगांसकट तुझ्या हवाली, खुर्ची तुझ्या उंचीला आणून ठेवतो, मी मागे बसून बघेन आणि एक अक्षर बोलणार नाही. राजीखुशीनं लिहून देतो.

तुझा, टँकच्या जागेचा तात्पुरता धनी,
बाबलीमामा

ता. क. येताना पुण्याहून चांगला हेडफोन घेऊन ये. माझ्या डोक्याच्या मापाचा.

ता. क. दुसरा. जागा सोडणाऱ्याला हेडफोन कशाला, असं तू विचारशील, तर खरं काय ते लिहितो. राजीखुशीचं वाक्य लिहायला मला दोन कागद फाडावे लागले. मला जागा सोडायची नाही गो. तुझी आहे, कबूल. तूच शिकवलंस, त्रिवार कबूल. पण तू औषधवाली का होत नाहीस? नको, दिव्या चांगली आहे. अजयला बसवू? छे, तो बिचारा बसला तर सर्वेश कोणाशी बोलेल? म्हणजे तू काय खेळायचंस ते मला सुचत नाही. रेडा तेवढा माझ्याकडे राहू दे. तुझ्याकडे हात पसरतोय, मामा असून.

ता. क. तिसरा. समीक्षा, मी विमलामामी लिवतंय, हे पाणी पिवक गेलेत. दया येवन जागा सोडू नको हां. ता ह्यांका कळतला, आणि मगे ती जागा ह्यांका नको होतली. तू ये, दोघांय टँक घेवन समोरासमोर खेळा, जिंकात त्याची जागा. तू माझी लाडकी भाची, तुझा वायट मी कधी चिंतूचंय नाय. पण तू हरतलंस.