दोन पेट्या, दोन हार

पनवेल,
ऑक्टोबर २०११

ती. चांगोमामा यांना प्रितमचा साष्टांग नमस्कार. (राग कितीही असला तरी नमस्कारात काटकसर करायची नाही, असं आईने बजावलंय.) तुमचा गुडघा कसा आहे? होडीचं इंजिन दुरुस्त झालं का? करंज्याला सगळे बरे असतील. मी बरा नाही. फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही म्हणून लिहायला बसलो. हे पत्र गोदूमामींकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि मामी, मध्येच वाईट वाटून थांबू नका, पुढे वाचा.

दसऱ्याला तुम्ही आमच्या ऑफिसात पूजा केलीत, जेवलात आणि दुपारच्या एसटीने गेलात. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. आई सांगत होती की तुम्ही गावभर ऐकवताय, भाच्याच्या कॉम्प्युटरांची पूजा माझ्या हातची आहे म्हणून. ते आधी बंद करा.

सुदामशेठचा धंदा न्हावा शेव्याच्या कंटेनरांचा. ट्रक बंदरात शिरायचा तर कागद लागतात आणि ते सगळे आमच्या सर्व्हरवर असतात. म्हणायला सर्व्हर आठ, पण खरी मशीन दोनच. त्यांच्या पोटात आठ जण राहतात असं भासवलेलं असतं. (यात फसवणूक नाही मामी, हल्ली सगळीकडे असंच करतात.) या आठांचा सगळा डेटा ठेवायला एक वेगळी जागा लागते. ती कंपनीची घ्यावी, तर त्यांनी सांगितलेल्या किमतीत विचुंब्याला वन-बीएचके येतो. म्हणून ती मी स्वतः बांधली. लोखंडी रॅकमध्ये सरकवायच्या दोन चपट्या पेट्या, दोघींत ओळीने हार्ड डिस्क, वर फुकटचं लिनक्स, आणि एकीत जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीतही. दोघींचे यूपीएस वेगळे, स्विच वेगळे, वायरी वेगळ्या. एक मेली तर दुसरी तिच्या जागी उभी राहणार आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. दोघींवर एकाच वेळी एकच संकट येता कामा नये, मुद्दा एवढाच होता. उंदीर, पाणी, वीज, शेठचा पुतण्या, सगळ्यांचा विचार मी केला होता. तुमचा केला नव्हता.

शेठच्या मते तुमच्या हाताला गुण आहे. ट्रकांची पूजा झाली, तिथपर्यंत माझी तक्रार नाही. मग शेठना आतल्या खोलीतल्या या पेट्या आठवल्या. मी म्हटलं, एका पेटीला कुंकवाचं बोट लावा, पुरे. तर तुम्ही म्हणालात, "दोन हायेत ना? मंग दोघींना बी हार पायजे. एकीला घातला न दुसरीला नाय, त दुसरी रुसंल." आणि हार कुठले, तर ट्रकांचे उरलेले. ट्रकच्या तोंडावर शोभणारा, पाणी मारून ताजा ठेवलेला झेंडूचा हार, वीतभरही उंच नसलेल्या पेटीवर, तोही पेटी जिथून हवा ओढते नेमका त्या जाळीवर. वर मूठमूठ अक्षता. निरांजन विझतं म्हणून एसी बंद. मी हार काढायला गेलो तर माझं मनगट धरलंत. हत्याराला आज हात लावायचा नाही, जे काय ते उद्या उत्तरपूजेनंतर. शेठनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून ते कोन गावी सोनं वाटायला गेले.

हत्यारांची ती सुट्टी पेट्यांना कोणी सांगितली नव्हती. बंदर चालू, म्हणून त्याही चालू. संध्याकाळी मी श्रीखंड खात असताना मोबाइलवर मेसेज आला की पहिली पेटी तापली आहे. ओल्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या, पंख्यांना चिकटल्या, पंखे थांबले आणि पेटी बंद पडली. आणि मामा, दुसरी खरोखर तिच्या जागी उभी राहिली. कोणाला पत्ता लागला नाही. मला इतका अभिमान वाटला की मी आणखी एक पुरी वाढून घेतली. पण हार दोघींना सारखा होता. दोघींचं ओझं अंगावर आल्यामुळे दुसरी जास्तच तापली आणि माझी पुरी संपायच्या आत गेली. शेठ सापडेपर्यंत आमचे ट्रक बंदराच्या गेटवर हारतुऱ्यांसकट खोळंबले होते, आणि ड्रायव्हर फोन करकरून माझ्या आईचा उद्धार करत होते. (ती तुमची बहीणही लागते.)

शेठना मी पाकळ्या दाखवल्या. तर ते म्हणाले, कंपनीचं मशीन असतं तर त्याने एवढासा हार सोसला नसता का? पूजेला बोल लावायला ते तयार नाहीत. आता पुढच्या आठवड्यात वाशीच्या एका कंपनीचा माणूस येणार, माझ्या पेट्या भंगारात जाणार, आणि कंपनीची पेटी कंपनीच सांभाळते म्हटल्यावर पाठोपाठ मीही. नोकरी जाईल याची भीती वाटते, पण डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. पेट्या चांगल्या होत्या मामा. बांधल्या होत्या तशाच वागल्या, आणि नाव खराब झालं ते त्यांचं. तुमच्या हाताला अजून गुणच आहे.

मामींना नमस्कार. तुम्हाला वर केलाच आहे.

तुमचाच (इलाज नाही),
प्रितम

ता. क. शेठ माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. वाशीवाला येण्याआधी एकदा इकडे या आणि त्यांना सांगा, की जोडीतल्या दोघींना एकाच दिवशी पुजायचं नसतं. एकीची पूजा दसऱ्याला, दुसरीची लक्ष्मीपूजनाला, आणि हार खोलीच्या दाराला. अशी काही प्रथा नाही हे मला माहीत आहे. तुम्ही सांगितलीत की होईल.

ता. क. २. पाकळ्या चिमट्याने काढून, पंखे वाळवूनही पहिली पेटी सुरू होईना, तेव्हा माझ्या तोंडून एकवीरा आईला नारळ बोलला गेला. पेटी लगेच सुरू झाली. (पंखा पुरता सुकला म्हणून झाली, हे मला कळतं.) सध्या तिच्या एकटीवर काम चाललंय. दुसरी अजून बंदच आहे. तिच्या नावाने मी काही बोललो नव्हतो. तेव्हा येताना नारळ दोन आणा.