कळव्याचे आगर आणि मधला बांध यांची व्यवस्था

मी, मालू हरी केणे, वय सत्तेचाळीस, धंदा मिठागर, राहणार मौजे कळवा, जिल्हे ठाणे, हा लेख कोणाच्या भिडेखातर नव्हे, आपल्या मर्जीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, असा कल्याणच्या वैद्यांचा दाखला आहे. माझी बायको आवडाबाई हिचे मत निराळे आहे. पण ते लग्नापासूनचे असल्यामुळे आजाराशी त्याचा संबंध नाही. छाती मात्र गेली. वैद्य पाडव्यापलीकडचे औषध बांधून देत नाहीत, यावरून समजलो.

१. राहते घर, गाय, भांडी आणि माझ्यावर शेवटचा शब्द बोलण्याचा हक्क आवडाबाईस. हक्क तिच्याकडेच होता. कागदावर आणला इतकेच.

२. आगराविषयी लिहिण्याआधी माझा गुन्हा लिहितो. तो कोर्टात चालणार नाही, म्हणून इथे.

माझे आगर लहान, वर्षाला तीन हजार मण पिकणारे. मणभर मीठ करायला दोनेक आणे पडतात आणि त्यावर सरकारचा कर अडीच रुपये. कराबद्दल मी भांडलो नाही; तो शेवटी खाणाराच भरतो आणि मोठ्या आगरालाही तोच. मला खाल्ले ते वाट पाहण्याने. सरकारी कारकून तोलल्याशिवाय रास हलवायची नाही, आणि कारकून मोठ्या आगराचे तोलून झाल्याशिवाय आमच्याकडे फिरकत नाही. तोवर व्यापाऱ्याचे गलबत थांबत नाही. तिकडे, आमचे मीठ जिथे विकले जायचे त्या कलकत्त्याच्या धक्क्यावर विलायतेचे मीठ उतरते, जहाजाला तळाशी वजन हवे म्हणून जवळजवळ फुकट आलेले. कर त्यालाही आहे. पण ते पिकताना उशाशी शिपाई बसत नाही. नियम सर्वांना सारखा, हे मला मान्य. एकच जोखड बैलाच्या मानेवर नि शेळीच्या मानेवर ठेवले, तर तेही सारखेच म्हणायचे.

मी ठाण्याच्या शाळेत शिकलेला. गावाचे अर्ज मीच लिहितो. लोक म्हणत, मालूच्या अर्जाला साहेबसुद्धा हसतो. हसतो हे खरे. काम करतो, असे कोणी म्हणाले नव्हते. दोन वर्षांमागे मी मीठखात्याला अर्ज केला: ‘माझ्या आगरावर एक जमादार व दोन शिपाई बसतात. त्यांचा वर्षाचा पगार माझ्या साऱ्या मिठाच्या किमतीएवढा होतो. तरी हुजूरने हा खर्च आणखी किती दिवस सोसावा?’ मला वाटले, शिपाई उठतील.

साहेबाला मुद्दा पटला. त्याने आगर उठवले.

नोटीस आली: पाच हजार मणांखालची आगरे येत्या ज्येष्ठअखेर बंद. माझ्या अर्जामुळेच असे कोणी म्हणत नाही, पण मुद्दा माझाच होता. मीठ ओढणाऱ्यांची मुकादमीण बायजा नोटीस ऐकून म्हणाली, “मालूदादा, अर्ज तुमचा, न उपाशी आमी?” अठरा घरे माझ्या आगरावर जगतात. बायजाच्या बोलण्याएवढी सरळ ओळ मला आयुष्यात लिहिता आली नाही.

३. शेजारचे आगर गोविंदा पाटलाचे, अडीच हजार मणांचे. नोटीस त्यालाही आली. आमच्या मधला बांध त्याने सतरा वर्षांपूर्वी हातभर माझ्याकडे सरकवला. मी त्याच्यावर होळीचे गाणे रचले; गाव अजून म्हणते. तेव्हापासून बोलणे बंद.

मीठखात्याचा कारकून म्हणतो, दोन्ही आगरे एका मालकाची नि एका आवाराची झाली, तर मीठ पाच हजार मणांवर जाईल, शिपायांचा एकच नाका पुरेल आणि अर्जाचा विचार होईल. सबब माझे आगर, पाण्याच्या उघाडीसह व तिच्या फळ्यांसह, माझ्यामागे गोविंदा रामा पाटील यास. जिवंतपणी देणे माझ्याच्याने होणार नाही. इतका मी मोठा नाही.

अटी दोन. माझी अठरा घरे कामावरून काढू नयेत. आणि भरतीचे पाणी आत घेणारी उघाडी बायजाच्याच हाती राहावी. खारे पाणी पिकले की नाही, हे ती जिभेवर थेंब घेऊन सांगते. गोविंदा बोट बुडवून सांगतो, आणि चुकतो.

४. होळीचे गाणे परत घेता येत नाही. त्यात गोविंदाच्या जागी मालूबा घालावे. मात्रा बसतात, मी मोजल्या.

५. बांध फोडायलाही सरकारची परवानगी लागते. तो अर्ज मी लिहिलेला नाही आणि माझी दऊत कोणालाही देत नाही; खाडीत टाकावी. अर्ज गोविंदाने सांगावा, कोणीही उतरवून घ्यावा. त्याला विनोद येत नाही, हे मी सतरा वर्षे कुचेष्टेने सांगत आलो. आज अठरा घरांचे भांडवल तेवढेच आहे.

शके १८११, फाल्गुन शुद्ध पंचमी, मुक्काम कळवा.

सही मालू हरी केणे, दस्तूर खुद्द.

साक्षी: आनंदा भिवा भोईर, निशाणी नांगर.
साक्षी: अण्णा विष्णू लेले, वकिलाचे कारकून, ठाणे.

ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, म्हणून गोविंदाला ओट्यावर बसवले होते. वाचून दाखवल्यावर तो एवढेच म्हणाला, “हातभर नव्हता रे, वीतभर होता.”

वीतभर, असे वाचावे.