हायरम पेल्टनची चाल

कुवेत,
शुक्रवार, १३ मार्च १९९८

प्रिय सुखदाताई,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. मी बरी आहे. इथे धूळ सुटली आहे, खिडक्या बंद ठेवून बसावं लागतं. तुझ्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे?

राहुरीच्या आपल्या संडे स्कूलला शंभर वर्षं होतात म्हणून, ज्याची चाल आपण तिथे म्हणायचो त्या हायरम पेल्टनची माहिती तू मागितली होतीस. इथे संडे स्कूल शुक्रवारी भरतं, सुट्टी तेव्हाच म्हणून. तिथल्या अमेरिकन पाळकांकडे एक जुनं पुस्तक निघालं. पेल्टन ओहायोतल्या एका गावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा आणि रविवारी शंभरेक मुलांना गाणी शिकवायचा. मुलांसाठी तीनशे चाली केल्या, पण एकही सूर पोरांच्या गळ्याला जड जाणारा नाही. १८६९ साली त्याची चार लेकरं घटसर्पाने एका महिन्यात गेली. पुढच्याच रविवारी तो वर्गात उभा राहिला आणि आपल्या संडे स्कूलच्या पुस्तकात जी एकशे बारावी आहे, ती चाल त्याने शिकवली. तिसऱ्या ओळीत आपण मध्येच थांबतो ना, तिथे त्याचाच आवाज बसला होता म्हणे. त्याने तो तसाच कागदावर उतरवला.

वर्गात आपली चंपा तिथे कधीच थांबायची नाही. तुझे बाबा पेटी थांबवून ओरडायचे, "चंपे, श्वास घे!"

ताई, जानेवारीपासून ती चाल मला वॉर्डात ऐकू यायला लागली. भर दुपारी, औषधं वाटताना, आणि तिसऱ्या ओळीत न थांबता. चंपाला इथेच जाऊन सात वर्षं झालीत. मी ट्रे खाली ठेवून भिंत धरायची. कुणाला सांगणार?

मग एक दिवस कळलं. खिडकीजवळच्या कॉटवर कुबरा नावाची कुवेती म्हातारी आहे, पायाच्या जखमेची. तीच गुणगुणत होती. माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, कुठे शिकलात?

"सिस्टर चंपाने शिकवली. लढाईत, माझ्या घरी. पाय बांधताना म्हणायची."

ती बोलत राहिली. "तिची एक मैत्रीण होती. बस आली की न्यायला येणार होती. पोरगी दोन दिवस माझ्या दारात बॅग घेऊन बसली. म्हणायची, शामला विसरणार नाही, कुठेतरी अडकली असेल."

माझ्या छातीवर नावाची पट्टी होती. कुबराला इंग्रजी वाचता येत नाही.

चंपाने स्वतःच यायला नकार दिला, असं मी तुला सुटकेच्या वाटेवर अम्मानहून लिहिलं होतं. तसं झालं नाही. नव्वद सालच्या सप्टेंबरची ती सकाळ. चंपा बनेद अल-गार भागात कुबराच्या घरी तिची पट्टी बदलायला गेली होती. पायी वीस मिनिटांवर. जगन्नाथ इलेक्ट्रिशियन आम्हा भारतीयांना न्यायला बस घेऊन आला, म्हणाला, "दोघी चला लवकर, रस्ता बंद व्हायच्या आत निघायचंय. दुसरी कुठाय?" रस्त्याच्या टोकाला सैनिक उभे होते. मी म्हणाले, "ती येत नाही म्हणते. चला तुम्ही." कुणी मला जबरदस्ती केली नाही, ताई. वीस मिनिटं थांबा, एवढंही मी म्हणाले नाही.

पुढच्या जानेवारीत चंपाला काविळीने नेलं. कुबराच्या सुनेने तिचं सगळं केलं. कुबरा सांगते, चंपा शेवटपर्यंत विचारत होती, शामला सुखरूप पोचली का, कुणी चौकशी करा.

काल मी कुबराला माझं नाव सांगितलं. तिने पाय चादरीत ओढून घेतला. "दुसऱ्या सिस्टरला पाठव."

मी पाठवली.

आपल्या वर्गाच्या भिंतीवर चंपाच्या नावाची पाटी आहे. 'स्वेच्छेने मागे राहून रुग्णसेवा केली.' सेवा केली हे खरं आहे, ते राहू दे. आधीचे शब्द माझ्या पत्रातले आहेत, ते कार्यक्रमाआधी खोडून टाक. लोकांनी कारण विचारलं तर हे पत्र वाचून दाखव.

सतरा एप्रिलला मी राहुरीला येते आहे. घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी फाटकाबाहेर उभी राहीन.

चंपाला न घेता निघालेली,
शामला