गाडीच्या वहीतल्या माझ्या एकशे शहाऐंशी सह्या

मी, नयन श्रावण भोयर, वय २८, शिक्षण नववी (दोनदा), मुक्काम सध्या समुद्रपूर, पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, न पिता, कुणी न सांगता लिहितो. शनिवारी नागपूरला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले काही होत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

१. वडनेरच्या घरातला माझा हिस्सा आई कुसुमबाई हिला. मी तिथे वर्षातून पंधरा दिवस राहतो, घराला फरक पडणार नाही.

२. तंबू आणि पान्यांचा डबा भाऊ वैभवला. त्यातला एक पाना त्याने न विचारता आधीच नेला आहे, तो धरून. स्टोव्ह रोहण्याच्या बाजारात घेतला, तिथला चहा फार चांगला. असो.

३. माझी मोटारसायकल शालूताई राऊत यांना. कारण लिहितो. मी तीन हंगाम एका कापूस संशोधन केंद्रात, केंद्राच्या मोटारसायकलवर चालक होतो. केंद्रात बाईला गाडी देत नसत. शालूताई तिथल्या संशोधन सहायक, म्हणून त्या मागे बसायच्या. फाटक ओलांडलं की मी मागे आणि त्या पुढे. शेतात त्या बोंडं फोडून गुलाबी अळ्या मोजायच्या, मी चहा शोधायचो. क्षेत्रभेटीच्या वहीत सही मात्र ज्याच्या नावावर गाडी, त्याची. एकदा म्हटलं, "ताई, सही तुम्हीच करा ना."

"मी केली तं वही परत येते. तूच कर. अळीले काय समजते, सही कोनाची हाय."

आम्ही हसलो.

गेल्या वर्षी कायम जागेच्या मुलाखतीत साहेबांनी तीच वही उघडली. "मॅडम, तुमची एकही क्षेत्रभेट नाही." जागा गेली. अहवालात छापलं, क्षेत्र निरीक्षण: नयन भोयर. ताई एवढंच म्हणाल्या, "चहा प्याला तू, आन् नाव बी तुह्यंच." आईने तो अहवाल देवाजवळ ठेवला आहे. तिथून काढावा.

४. ताईंची मुलाखत २८ तारखेला पुन्हा आहे. म्हणून हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही, आजपासून लागू. त्या १८६ भेटींतलं सगळं निरीक्षण शालू राऊत यांचं आहे. मी एकही अळी मोजलेली नाही. केंद्राने मला खुशाल विचारावं, कोणत्या शेतात अळी जास्त होती. मला चहाच्या टपऱ्या सांगता येतील. या कागदाची प्रत आजच केंद्रात देऊन पोच घेतो.

साक्षीदार पुरुष आण, असं अर्ज लिहिणारा म्हणाला. शेतात या दोघी होत्या, म्हणून याच.

ठिकाण: समुद्रपूर. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५.
सही: नयन श्रावण भोयर (ही एकशे सत्याऐंशीवी, आणि खरी)

साक्षीदार:
१. शोभाबाई कोल्हे, शेतमालक, रोहणा
२. प्रमिलाबाई उईके, शेतमजूर. यांच्यापुढे अर्ज लिहिणाऱ्याने अंगठ्यासाठी शाईचा डबा ठेवला, तर म्हणाल्या, "थो उचल तिकडं. मले सही येते." आणि केली.